आजोबांच्या तीन ओळी

इस्पितळात तिला सगळे वायरबाई म्हणत. वायरीला तिनं आयुष्यात फारसा हात लावला नव्हता. तिचं काम वायरींच्या पलीकडचं होतं: दूधपेढीचे तीन संगणक काम करतायत, की नुसतेच घूं घूं करत बसलेत, यावर नजर ठेवायची. पण माणसाला नाव पडतं ते लोकांना जे दिसतं त्यावरून, आणि लोकांना दिसायचा तिच्या टेबलामागचा गुंता. तिनं दोनदा समजावून सांगितलं आणि तिसऱ्यांदा नाद सोडला.

दूधपेढी म्हणजे ज्या आयांना दूध जास्त येतं त्या ते देऊन जातात, ते तापवून, तपासून, गोठवून ठेवायचं, आणि जी बाळं फार लवकर जन्माला आली आणि ज्यांच्या आईला अजून दूध नाही, त्यांना पाजायचं. पेढीत तीन फ्रीजर होते आणि प्रत्येकाला एक संगणक. संगणकात एक छोटासा प्रोग्राम चालायचा, त्याचं नाव पहारा. तो दर मिनिटाला फ्रीजरच्या आतली थंडी मोजायचा आणि त्या दिवसाच्या पानावर एक ओळ लिहायचा: तारीख, वेळ, अंश. बस्स, एवढंच. पण त्या एका ओळीवर सगळी पेढी उभी होती.

कारण पेढीच्या प्रमुख, ज्यांना सगळे मोठ्या सिस्टर म्हणत, त्यांचा नियम होता: नोंदीत वीस मिनिटांपेक्षा मोठा खंड पडला, की त्या फ्रीजरमधलं सगळं दूध ओतून द्यायचं. "एकदा वितळून पुन्हा गोठलेलं दूधसुद्धा पांढरंच दिसतं," त्या सांगत. "माझ्या डोळ्यांवर माझा विश्वास नाही. नोंद नाही, तर दूध नाही." फ्रीजरच्या दारावर आकडा दिसायचा, पण तो कधी खरा असायचा आणि कधी मनाला येईल तो, हे सगळ्यांना ठाऊक होतं. खरं काय ते पहाराच जाणे.

तीन संगणक तीन वेगवेगळ्या काळात आले होते आणि तिघांचे स्वभाव तीन तऱ्हांचे होते. संगणक सुरू झाला की सगळ्यांत आधी एक जण जागा होतो आणि तो बाकीच्यांना उठवतो. त्याला इनिट म्हणतात. घरातही असा एक जण असतोच, आणि घर कसं चालतं ते त्याच्या उठवण्यावर ठरतं. सर्वांत जुन्या संगणकाला वायरबाई आजोबा म्हणायची. आजोबांकडे सगळं नंबरानं. एक नंबरवाला उठला, त्याचं आवरलं, की दोन नंबरवाला. न्हाणीघर एक आणि माणसं चाळीस. मधला होता हवालदार. तो उठवून थांबत नसे. सारखा येऊन डोकवायचा, आणि कोणी जरा आडवं झालेलं दिसलं की बखोट धरून पुन्हा उभं करायचा. नवीन संगणक म्हणजे नवरीबाई. ती सगळ्यांना एकदम हाक मारायची, पण कोणाचं कोणावाचून अडतं याची यादी तिच्या पदराला बांधलेली असायची.

तिघांशी बोलायची भाषाही वेगळी. नवरीबाईला सिस्टिमसीटीएल म्हणून हाक मारायची, मग काम सांगायचं, मग ते कोणी करायचं त्याचं नाव. हवालदाराला नुसतं एसव्ही, पण क्रम तोच. आजोबांना मात्र सर्व्हिस म्हणायचं, आणि आधी नाव, मग काम. एकाची भाषा दुसऱ्याशी बोललात, तर तो ओळखसुद्धा दाखवत नाही. वायरबाईला तिन्ही भाषा तोंडपाठ होत्या. माणसाला जे तोंडपाठ असतं, तेच आयत्या वेळी दगा देतं, हे तिला अजून कळायचं होतं.

आजोबांना कधीच निवृत्त करायला हवं होतं. पण पहिल्या फ्रीजरच्या आत जी मोजणारी नळी होती, तिचं कार्ड फक्त आजोबांच्या पोटात बसायचं. आणि पहिल्याच फ्रीजरमध्ये तयार दूध असायचं, बाळाला लगेच देता येईल असं. बाकीच्या दोघांत कच्चं. नवं तयार दूध निघणार होतं मंगळवारी, आणि आज होता रविवार.

एरवी वायरबाईनं हे सगळं शांतपणे घेतलं असतं. पण तीन आठवड्यांपूर्वी तिच्या धाकट्या बहिणीला दिवस पुरे व्हायच्या फार आधी मुलगा झाला होता. वजन अकराशे ग्रॅम. तो वरच्या मजल्यावर काचेच्या पेटीत झोपलेला असायचा आणि धाकटी त्या पेटीच्या भोकातून हात घालून बसलेली असायची. तिला अजून दूध येत नव्हतं. पावडरचं दूध एकदा देऊन पाहिलं, तर पोराचं पोट टम्म फुगलं आणि दोन दिवस सलाईनवर गेले. आता तो पेढीच्या दुधावर होता, दर दोन तासांनी आठ मिलिलिटर. पहिल्या फ्रीजरमधलं.

आणि अशात वीजवाल्याची नोटीस आली: रविवारी सकाळी नऊ वाजता संगणकांच्या खोलीतली विजेची पेटी बदलणार. फ्रीजरची लाइन वेगळी होती, त्यांना धक्का नव्हता. पण तिन्ही संगणक बंद करावे लागणार. "दहा मिनिटांचं काम आहे बाई," वीजवाला म्हणाला होता. त्याच्या मिशा पांढऱ्या होत्या आणि बोलणं शांत, म्हणून तिनं विश्वास ठेवला. तरी हिशोब करून पाहिला. दहा मिनिटं अंधार, मग संगणक सुरू व्हायचा वेळ, आणि वर पहारा उठल्यावर पहिली चार मिनिटं नुसता नळीचा अंदाज घेतो, मग पहिली ओळ लिहितो. वीस मिनिटांत बसत होतं, पण अंगाला घट्ट. म्हणून तिनं एक शहाणपणा केला. आजोबांच्या घरात पहाऱ्याचा नंबर ऐंशी होता. तो तिनं पाच केला. म्हटलं, पोराचं दूध आहे, उठू दे सगळ्यांच्या आधी. तिन्ही भाषांतल्या हुकमांचा एक पुठ्ठाही मोठ्या अक्षरांत लिहून भिंतीला टांगला. धाकटीला यातलं काही सांगितलं नाही. तिचा जीव आधीच टांगणीला लागलेला होता.

रविवारी नऊला तिनं तिघांना रीतसर झोपवलं. तिन्ही पानांवर शेवटची ओळ पडली नऊ वाजून तीन मिनिटांची. वीजवाल्यानं खटका ओढला. खोली इतकी गप्प झाली की तिला स्वतःचा श्वास ऐकू यायला लागला. मग ड्रिलचा आवाज सुरू झाला आणि ती मनगटावरच्या घड्याळाकडे बघत बसली.

नऊ बाराला वीज आली. म्हातारा शब्दाला जागला होता. "बघा, नऊच मिनिटं," असं म्हणून तो हत्यारं गोळा करू लागला.

नवरीबाई चुटकीसरशी उठली. हवालदारही उठला. आजोबांचं मात्र नमनालाच घडाभर तेल. पडद्यावर एकेक ओळ सरकत होती: पाच नंबर, पहारा, उठला. मग दहा, मग बारा, मग ज्याचा प्रिंटर भंगारात जाऊन सहा वर्षं झाली त्या प्रिंटरवाल्याला उठवणं, त्याचं न सापडणं, त्याची वाट बघणं. वायरबाईनं दात ओठ खाल्ले, पण पाच नंबरवाला नऊ तेरालाच उठलाय हे पाहून थोडी सैल झाली. चार मिनिटं, म्हणजे नऊ सतराला पहिली ओळ. खंड चौदा मिनिटांचा. उत्तम.

नऊ सतराला नवरीबाईच्या पानावर ओळ आली. हवालदाराच्या पानावर आली. आजोबांचं पान कोरं.

नऊ अठराला तिघांपैकी दोघांच्या पानांवर दुसरी ओळ. आजोबांच्या पानावर शेवटची ओळ अजून नऊ तीनचीच.

तिनं आजोबांना विचारलं, पहारा कसा आहे? आजोबा म्हणाले: चालू आहे.

"चालू आहे तर लिहीत का नाही?" ती मोठ्यानं म्हणाली. वीजवाल्यानं मान वर करून पाहिलं आणि हे आपल्याला नाही असं बघून पुन्हा खाली घातली.

घोडं कुठं पेंड खातंय हे शोधायला वेळ नव्हता. अडकलाय, पुन्हा उठवायचा, बस्स. आत्ता उठवला तर नऊ बावीसला ओळ. नऊ एकोणीसला उठवला तर नऊ तेवीस, म्हणजे बरोबर वीस मिनिटं. तिनं बोटं चालवली. सिस्टिमसीटीएल, पुन्हा सुरू कर, पहारा.

आजोबा म्हणाले: असा हुकूम मला माहीत नाही.

ही तर नवरीबाईची भाषा! तिनं खोडून लिहिलं: एसव्ही, पुन्हा सुरू कर, पहारा. असाही हुकूम मला माहीत नाही. तीन आठवडे झोप नीट नव्हती, आणि आता डोक्यात तिन्ही घरं एकमेकांत मिसळली. तिनं भिंतीकडे पाहिलं. भिंतीवर नुसता खिळा.

"इथला पुठ्ठा कुठं गेला?"

"हा का?" वीजवाल्यानं पायाशी बोट दाखवलं. ड्रिलचा भुगा खाली सांडू नये म्हणून त्यानं पुठ्ठा पेटीखाली अंथरला होता. वर विटांचा चुरा. "तुमच्याच खोलीत घाण नको म्हणून..."

तिनं तो फुंकला, चुरा डोळ्यांत गेला. सर्व्हिस, पुन्हा सुरू कर, पहारा. नाही, नाही, आधी नाव! सर्व्हिस, पहारा, पुन्हा सुरू कर.

आजोबा म्हणाले: थांबवला. सुरू केला.

नऊ वाजून वीस मिनिटं झाली होती.

पुढची चार मिनिटं ती पडद्याकडे पाहत उभी राहिली. नऊ तेवीस आलं आणि गेलं. नऊ चोवीसला आजोबांच्या पानावर व्यवस्थित, ठळक ओळ उमटली: उणे एकवीस अंश. दूध दगडासारखं घट्ट होतं. आणि खंड होता एकवीस मिनिटांचा.

वीजवाला एव्हाना गेला होता. खोलीत ती एकटीच होती, समोर पान उघडं. नऊ सतरा, नऊ अठरा, नऊ एकोणीस, तीन ओळी हातानं लिहायला अर्धं मिनिटसुद्धा लागलं नसतं. आकडा कोणता लिहायचा तेही तिला माहीत होतं. तिची बोटं खरोखर कळफलकावर गेली. मग तिला ते पांढरं दूध आठवलं, जे वितळलं तरी पांढरंच दिसतं. आज तिला ठाऊक होतं की दूध चांगलं आहे. पण एकदा हातानं ओळ लिहिली, की उद्यापासून पानावरच्या कोणत्याच ओळीला अर्थ उरणार नव्हता, आणि त्या ओळींवर वरच्या मजल्यावरची अकरा बाळं जगत होती. तिनं हात मागे घेतले आणि रडू आवरत दूधपेढीकडे निघाली.

मोठ्या सिस्टर साडेनऊला फ्रीजर उघडत. दहाचं दूध आधीच वितळून ठेवलेलं असे. साडेनऊला निघायचं ते बाराचं. त्या हातमोजे चढवतच होत्या.

"सिस्टर, पहिल्या फ्रीजरला एकवीस मिनिटांचा खंड पडला."

मोठ्या सिस्टरांचा हात हातमोज्यात अर्धा राहिला. "एकवीस?"

"एकवीस. दूध चांगलं आहे, उणे एकवीसला आहे, पण..."

"मला दूध विचारू नका हो, नोंद सांगा." बाळ कोणाचं आहे हे त्यांना माहीत होतं. "वायरबाई, आज एक मिनिट सोडलं तर उद्या पाच सोडावी लागतील. बारापासून मंगळवारपर्यंत काय करायचं ते मी डॉक्टरांशी बोलते. दहा मिनिटांत ट्रे बाहेर काढते. तुम्ही वर बहिणीपाशी जा."

ती वर गेली नाही. धाकटीला काय सांगणार होती? ती परत आजोबांसमोर येऊन बसली. डोकं सुन्न झालं होतं, पण त्यात एक काटा सलत होता. दुसऱ्या वेळेला पहारा मुकाट्यानं चालला. तोच प्रोग्राम, तीच नळी. मग पहिल्या वेळेला काय धाड भरली होती?

तिनं गुरुजींना फोन लावला. तिच्या आधी पंधरा वर्षं ही खोली गुरुजींनी सांभाळली होती, आणि आजोबा त्यांच्याच हातचे. फोन काकूंनी उचलला.

"अगं, अंघोळीला गेलेत. आत्ताच गेलेत, म्हणजे तासाची निश्चिंती."

तिनं फोन ठेवला. गुरुजी नेहमी म्हणत, आजोबा खोटं बोलत नाहीत, कमी बोलतात. आजोबा तर म्हणाले होते, चालू आहे. समजा खरंच चालू होता. मग लिहीत होता कुठे?

ती इतका वेळ आजचंच पान बघत होती. आता तिनं पानांची सगळी चळत उघडली, हजारो पानं, तारखेनुसार लावलेली. आजचं पान सगळ्यांत खाली. आणि सगळ्यांत वर, पहिल्या खऱ्या पानाच्याही वर, एक पान होतं जे तिनं कधी पाहिलं नव्हतं. एक जानेवारी, बावीस वर्षांपूर्वीचं. पेढी तेव्हा जन्मालाही आली नव्हती.

तिनं ते उघडलं. आत तीन ओळी होत्या. आज, नऊ सतरा, उणे एकवीस. आज, नऊ अठरा, उणे एकवीस. आज, नऊ एकोणीस, उणे एकवीस.

ती खुर्चीतून उठली, बसली, पुन्हा उठली. सगळं एकदम लख्ख झालं. वीज गेली की आजोबा तारीख विसरतात. मग पन्नास नंबरवाला उठतो, तो बाहेरून खरी वेळ विचारून घड्याळ लावतो. तिनं पहाऱ्याला पाच नंबरवर, घड्याळाच्याही आधी उठवलं होतं. डोळे चोळत उठलेल्या बिचाऱ्यानं विचारलं असणार, आज कोणती तारीख? आजोबा म्हणाले, एक जानेवारी. त्यानं त्या तारखेचं पान काढलं आणि पुढे घड्याळ नीट झाल्यावर त्याच पानावर इमानेइतबारे खरी वेळ घालून लिहीत बसला. आणि हिनं त्यालाच मुस्कटात मारून थांबवलं.

नऊ तीन ते नऊ सतरा, चौदा मिनिटं. नऊ एकोणीस ते नऊ चोवीस, पाच मिनिटं.

ती धावत निघाली. या इस्पितळात धावायची परवानगी नव्हती. पेढीच्या दारात पोचली तेव्हा मोठ्या सिस्टरांचा हात फ्रीजरच्या मुठीवर होता.

"थांबा! सिस्टर, काढू नका! सापडल्या!"

"काय सापडलं?"

"ओळी. तीन ओळी!"

मोठ्या सिस्टर संगणकांच्या खोलीत आल्या, चष्मा लावला, आणि पडद्यावर पट्टी धरून एकेक ओळ वाचली. मग पानाच्या माथ्यावरची तारीख वाचली. वायरबाईनं घड्याळाचं, नंबरांचं सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं.

"म्हणजे मघाशी या ओळी नव्हत्या आणि आता आहेत," त्या सावकाश म्हणाल्या. "बाळ तुमच्या बहिणीचं. मशीन तुमच्या हातात. या तुम्ही आत्ता लिहिल्या नाहीत कशावरून?"

वायरबाई जे सिद्ध करायला जाईल, ते सगळं तिच्याच हातातल्या मशीनवर होतं. "कशावरूनच नाही," ती म्हणाली. "लिहिता आल्या असत्या. मघाशी लिहाव्यात असं मनातही आलं होतं."

मोठ्या सिस्टरांनी चष्मा काढला आणि तिच्याकडे बराच वेळ पाहिलं.

"लिहायच्याच असत्या तर मघाशीच लिहिल्या असत्या," त्या म्हणाल्या. "एकवीस मिनिटं म्हणून माझ्या दारात आला नसता. छापून द्या ते पान. मी सही करते." आणि दारापर्यंत जाऊन वळल्या. "नोंद आहे. दूध आहे. तोंड धुवा आधी, भुतासारख्या दिसताय. कपाळाला विटांचा चुरा लागलाय."

वायरबाईचा जीव भांड्यात पडला. तिनं खुर्चीत बसून मनसोक्त रडून घेतलं, आणि मग तोंड धुतलं.

साडेदहाला गुरुजींचा फोन आला. "अंघोळीत होतो. काय झालं? घड्याळ बघितलंस का? त्याची बॅटरी कधीच मेली आहे. म्हणून तर घड्याळाला पन्नास आणि पहाऱ्याला ऐंशी."

"मी पाच केला होता," ती म्हणाली आणि सकाळच्या सगळ्या वेळा त्यांना सांगितल्या.

"का गं?"

"लवकर उठावा म्हणून."

"उठला ना? पण आज वार कोणता, तारीख कोणती, ते तरी सांगायचं त्याला!" गुरुजी हसत सुटले. "अगं, ऐंशीवर राहू दिला असतास तर नऊ पंधराला उठला असता आणि नऊ एकोणीसला लिहायला लागला असता. सोळाच मिनिटं. तुला काही करायचंच नव्हतं."

"तुम्ही हे कुठं लिहून का नाही ठेवलं?"

"ठेवलंय की. जिथं तू नंबर बदललास त्याच फायलीत, अगदी तळाला. तळापर्यंत कोण वाचतं?"

तिनं वाचलं. खरंच लिहिलेलं होतं. तिनं पाचाचे पुन्हा ऐंशी केले आणि गुरुजींच्या त्या ओळी उचलून अगदी वर आणून ठेवल्या.

बाराला ती वरच्या मजल्यावर गेली. धाकटी पेटीपाशी बसली होती, हात आत, पोराच्या मुठीत तिचं एक बोट. "ताई, आज उशीर केलास," ती म्हणाली. "रविवारीसुद्धा काम असतं का गं तुला?"

"असतं थोडंफार."

वॉर्डातली सिस्टर आली. तिनं छोट्या सिरिंजमध्ये दूध भरून ती वर टांगली, आणि ते पातळ नळीतून थेंब थेंब खाली उतरू लागलं. पोराला काही कळत नव्हतं, पण त्याचे ओठ आपोआप हलत होते. दोघी बहिणी सिरिंज रिकामी होईपर्यंत थेंब मोजत राहिल्या. मग सिस्टरनं पेटीला अडकवलेला कागद घेतला, घड्याळात पाहिलं आणि एक ओळ लिहिली. वायरबाईनं वाकून ती वाचली: बारा वाजता, आठ मिलिलिटर, सगळं घेतलं.